सोळा टोप्या

मंगळवारी सकाळी मामा चूळ भरून परसदारी आले आणि उंबऱ्यातच थबकले. वाफ्यात कत्तल झाली होती.

वांग्याची एकवीस रोपं. काल दिवे लागायच्या आधी मोजली तेव्हा एकवीस, आता सोळा. एकाचं मुंडकं उडालेलं. देठ ताठ उभा आणि वर काहीच नाही. दोन मुळासकट उपटून, चघळून, थुंकून टाकलेली. एक बिळाच्या तोंडाशी अर्धं आत ओढलेलं, बाहेर राहिलेल्या पानाला मातीचे ओरखडे. आणि पाचवं नुसतंच तुडवलेलं, न खाता. ज्यानं तुडवलं त्याला भूक नव्हती, मस्ती होती.

कत्तल हा शब्द मामा जपून वापरत. एकतीस वर्षं त्यांनी कत्तलखान्यात काढली होती, बोकडापासून रेड्यापर्यंत. तिथं त्यांचं नाव होतं ‘एकघाव’. एक घाव, दोन तुकडे; जनावराला कळायच्या आत खेळ खलास. नवखे लोक तीन-तीन वार करत. मग जनावर ओरडे, ओल्या लादीवर घसरे, शिंग लागून कुणाची मांडी फाटे. मामांच्या हाताखाली ओरड अशी कधी झालीच नाही. गल्लीत मात्र सगळे त्यांना मामाच म्हणत, त्यांच्या बायकोला मामी म्हणत, आणि बोलताना त्यांच्या हाताकडे बघायचं टाळत.

"किती गेली?" मागून मामीनं विचारलं.

"पाच. रात्री घूस येऊन गेली. आणि हे बघ, तीन बोटं पुढं, एक मागं. हा पैलवान."

पैलवान म्हणजे शेजारच्या सलूनवाल्याचा झुंजीचा कोंबडा. तांबडा, उंच, मानेवर पिसं नाहीत, आणि नजर अशी की गल्लीतली कुत्रीही रस्ता बदलत. दोन घरांमध्ये कमरेइतकी भिंत होती, ती पैलवानाला उंबऱ्याएवढी.

मामांची नजर कोपऱ्यातल्या लोखंडी पहारीवर गेली. तिथून बिळावर. तिथून भिंतीपलीकडे.

"मनातसुद्धा आणू नका," मामी म्हणाली.

"मी काय म्हटलं?"

"तुमच्या तोंडानं काही म्हटलं नाही. हातानं म्हटलं."

मामांनी खाली पाहिलं. उजव्या हाताची बोटं अर्धवट मिटली होती, मूठ धरल्यासारखी, आणि मुठीत काही नव्हतं. त्यांनी ती सोडवली.

रविवारी मुलगा येणार होता. सहा वर्षांनी.

सहा वर्षांपूर्वी पोरगा एकोणीस वर्षांचा होता. जेवायला बसताना म्हणाला, बाबा, आधी अंघोळ करा ना, वास येतो. एवढंच. मामा त्या दिवशी ऐंशी जनावरं उरकून आले होते आणि पायावर उभं राहायची ताकद नव्हती. पण हातात होती. ती चपराक मामीनं बघितली नाही, ऐकली. भांड्यावर झाकण आपटावं तसा आवाज. पोराच्या डाव्या कानातून रक्ताची बारीक धार मानेवरून सदऱ्यात उतरली, आणि त्या कानाला त्यानंतर काही ऐकू आलं नाही. महिन्याभरात त्यानं घर सोडलं. लग्न केलं, मुलगी झाली, ती आता सात महिन्यांची. मामी जाऊन बघून आली होती. मामांनी नातीचा फक्त फोटो पाहिला होता, तोही मामी झोपली असताना तिच्या फोनमध्ये.

आता तो म्हणाला होता, ‘आई, तुझ्या शब्दावर येतो. त्यांच्या हाताची ग्वाही तू दे.’

आणि मामीनं मामांना समोर बसवून सांगितलं होतं, "मी ग्वाही दिलीय. आता ऐका. रविवारपर्यंत तुमच्या हातानं या घरात, या परसात रक्ताचा एक थेंब पडला, तर माझा शब्द खोटा. मी स्वतः फोन करून सांगेन, येऊ नकोस. घूस असो, उंदीर असो, मुंगी असो."

"मुंगीला कुठं रक्त असतं?"

"मामा, थट्टा नको." रागावली की तीसुद्धा त्यांना मामाच म्हणायची.

म्हणून ही रोपं. जन्मभर मारलं, पोरगा येईल तेव्हा त्याला दाखवायला एखादी तरी वाढवलेली गोष्ट हवी होती. बोलून दाखवायची ताकद मामांच्या जिभेत नव्हती. वाफा दाखवता आला असता.

विष घालायचं नाही, पहार मारायची नाही. मग उरलं एकच. झाकायचं.

*

पहिल्या दिवशी मामांनी पाण्याच्या रिकाम्या बाटल्या जमवल्या. बूड कापायचं, बूच काढून टाकायचं म्हणजे रोपाला श्वास घेता येतो, आणि ती घंटा रोपावर बसवायची. बाटल्या कापताना त्यांचा हात आपोआप मानेखाली दोन बोटं गेला. मग त्यांना आठवलं की कापायचं बुडाकडून आहे.

बाटल्या दुपारपर्यंत टिकल्या. उन्हात आतून घाम सुटला, पानं शिजल्यागत मऊ पडली. आणि चारच्या सुमाराला पैलवान भिंतीवरून उतरला, एकेका बाटलीला लाथ घातली आणि सगळ्या परसभर उडवून दिल्या. मामा धावले तेव्हा तो शेवटच्या बाटलीवर एक पाय ठेवून उभा होता, फोटो काढून घेणाऱ्या शिकाऱ्यासारखा.

"अरे, तुझ्या कोंबड्याला आवर!" मामांनी भिंतीवरून हाक मारली.

सलूनवाला बनियनवर बाहेर आला. किरकोळ माणूस, पण केस रोज नव्या ढबीनं बसवलेले. "मामा, कोंबडा आहे तो. त्याला काय सांगू, जरा घरी बस, पेपर वाच?"

"मग सलूनात घेऊन जा की सोबत."

"नेला होता एकदा. दोन आरसे फोडले त्यानं. समोर दुसरा कोंबडा दिसला की त्याचं डोकंच फिरतं. गिऱ्हाईक अर्धी दाढी घेऊन रस्त्यावर पळालं." तो स्वतःच हसला. मग वाफ्याकडे बघून जरा वरमला. "तुम्हाला झाकायलाच पाहिजे ना? माझ्याकडं जुनी मच्छरदाणी पडलीय. देतो. रबरंही देतो, चिमुकली, पोरींच्या वेण्यांना लावतो ती."

त्यानं दोन्ही आणून दिलं. माणूस वाईट नव्हता. पैलवानावर त्याचा जीव होता, एवढाच त्याचा दोष. आणि ज्याचा ज्याच्यावर जीव, त्याचं तिथं डोकं चालत नाही.

आरशाची गोष्ट मामांनी ऐकली, हसले आणि विसरले.

*

बुधवारी मामांनी डबे आणले. कोपऱ्यावरच्या चहावाल्याकडं दूध-पावडरीचे रिकामे डबे पडून असत, तो भंगारात टाकायचा. सोळा डबे, गोणीत घालून, खडखडाट करत. मामी दारातून म्हणाली, "वरात आली जणू."

मामा परसात फरशीवर बसले. पत्र्याची कात्री, हातोडी, खिळा. डब्याचं झाकण काढायचं, तळ कापून टाकायचा, उरतं ते नळकांडं. वरच्या कडा हातोडीनं आत ठोकून मऊ करायच्या. खालची कड मात्र तशीच धारदार ठेवायची, म्हणजे मातीत दोन बोटं सहज रुतते आणि घुशीला खालून उकरता येत नाही. वर मच्छरदाणीचा चौकोन, त्याला सलूनवाल्याचं रबर. कपडे टांगायच्या तारेचे हँगर वाकवून दोन-दोन आकडे, डबा जमिनीला जखडायला. फुकटात काम, आणि पक्कं.

पत्रा कापताना तो किंचाळतो. मामांचे दात शिवशिवले. एकतीस वर्षांत जो आवाज त्यांनी एकाही जनावराच्या गळ्यातून निघू दिला नव्हता, तो आज डबे काढत होते. चौथ्या डब्याला कात्री सटकली आणि डाव्या तळव्यात आडवी खाच पडली. रक्त मनगटापर्यंत उतरलं. त्यांनी पटकन हात पाठीमागं लपवला, चोरी पकडल्यासारखा.

मामीनं पाहिलंच होतं. चिंधी घेऊन आली.

"माझं रक्त चालतं का?" मामांनी विचारलं.

"तुमचं चालतं," ती म्हणाली आणि गाठ जरा जास्तच घट्ट मारली. "तुमचं थोडं जास्त गेलं तरी चालेल."

पण हात बांधताना तिनं डबा उचलून पाहिला, आणि तिला त्याचं कौतुक वाटलं हे मामांना दिसलं. ती तिथंच बसली आणि जाळीचे चौकोन कापायला लागली. कापता कापता गुणगुणायला लागली. तिच्या आईकडून ओव्यांची चाल तिच्याकडं आलेली. शब्द ती हाताला लागतील तसे बसवायची.

"इवलं गं रोपटं, दोन पानांचा संसार,
डोईला घालते टोपी, वर जाळीचा पदर.

घुशीच्या गं दाता, मेल्या चावशील काय,
कवचाच्या आत माझी सोळा लेकरं हाय."

"हाय नाही, आहेत," मामा म्हणाले.

"यमक जुळवून दाखवा मग."

मामांनी डबे घासायला घेतले.

आणि इथंच खरी गोष्ट आहे. डब्यांवर रंगीत चित्रं होती, गुबगुबीत बाळांची. ती काढायची काहीच गरज नव्हती. रोपाला बाहेरच्या चित्राशी काय देणंघेणं? दुसऱ्या कुणीही डबे तसेच रोवले असते. पण मामांच्या हातात वाळू आली, राख आली, नारळाची शेंडी आली, आणि हात आपल्या वळणावर गेला. कत्तलखान्यात पहिल्या दिवशी वस्तादानं शिकवलं होतं: हत्यार ठेवायचं ते तोंड दिसेपर्यंत घासून. सुरीत आपलं तोंड दिसलं नाही तर ती उद्या दगा देईल. एकतीस वर्षं रोज संध्याकाळी मामा सुरीत तोंड बघत होते. सोळाही डबे त्यांनी तसेच घासले. बाळं गेली, रंग गेला, खालचा पत्रा चांदीसारखा निघाला. एकेक डबा डोळ्यासमोर धरून, गालाची खुंटं मोजता येतील इतका लख्ख झाल्यावरच त्यांनी खाली ठेवला.

संध्याकाळी सोळाही रोपांवर सोळा नळकांडी रोवून झाली. कलत्या उन्हात वाफा असा झळकला की मामी म्हणाली, "अगंबाई, सैन्यच उभं केलंत!"

मामा खूश होते. सहा वर्षांत इतके खूश झाले नव्हते. कमरेवर हात ठेवून मोठ्यानं म्हणाले, "आता येऊ दे कोण येतं ते! सगळ्यांना टोपी घातलीय! घुशीला टोपी, त्या पैलवानाला टोपी! कळणारसुद्धा नाही त्याला, काय झालं ते!"

भिंतीपलीकडं सलूनवाला पैलवानाला दाणे घालत होता. त्याची मूठ थांबली.

टोपी घातली म्हणजे फसवलं, हे लहान पोरालाही कळतं. एकघाव म्हणून नाव असलेला माणूस ‘पैलवानाला टोपी घातलीय, कळणारसुद्धा नाही’ असं म्हणतो, तेव्हा ऐकणाऱ्यानं काय समजायचं? सलूनवाल्यानं कोंबडा उचलला, छातीशी धरला आणि आत गेला. मनात पाल चुकचुकली, पण शेजाऱ्याशी भांडायचं कसं, नुसत्या शब्दावर?

*

गुरुवारी सकाळी मामी दूध आणायला गेली होती. मामा नळावर तोंड धूत होते. तेवढ्यात ठण्ण असा आवाज झाला. मग आणखी एक. मग ठण्‌ ठण्‌ ठण्‌, एखाद्या तांबटाच्या दुकानात दंगल उसळावी तसा.

मामा वळले. ऊन नुकतंच भिंतीवरून खाली उतरलं होतं आणि सोळा डब्यांत सोळा पैलवान उभे होते.

खरा पैलवान मधोमध होता. मान ताणलेली, पंख अर्धे उघडलेले. तो एका डब्यावर झेपावला, नख्या पुढं करून. समोरचाही झेपावला. चोच पत्र्यावर आदळली, ठण्ण. तो मागं सरला, तर बाजूला दुसरा. त्याच्यावर गेला. तिसरा. जिकडं वळावं तिकडं तोच तांबडा तुरा, तेच खुनशी डोळे, आणि एकही मागं हटत नव्हता.

मामांना आधी हसू आलं. मग त्यांनी लाल बघितलं.

एक आकडा निसटून डबा आडवा पडला होता. खालची कड, जी त्यांनी मातीसाठी धारदार ठेवली होती, ती वर आली होती. पैलवान त्या डब्यावर उडी घेत होता, पुन्हा पुन्हा, आणि दर उडीला ती कड त्याच्या छातीत शिरत होती. डब्यातल्या कोंबड्याच्या छातीवरही रक्त दिसत होतं, ते बघून त्याला आणखी चेव येत होता. आपण जिंकतोय असं त्याला वाटत होतं. चोचीचा वरचा भाग तुटून लोंबत होता. एक डोळा फुटला होता. पिसं, माती, चिरडलेलं एक रोप, आणि रक्ताच्या चिळकांड्या चांदीसारख्या पत्र्यावर.

"अरे, थांब! थांब, गाढवा!"

मामा वाफ्यात घुसले. पैलवानानं त्यांच्यातही शत्रूच बघितला. पहिल्या लाथेत त्यानं मामांचं मनगट फाडलं, दुसरीत दंड. मामांनी सदऱ्याच्या घोळात त्याला दाबलं, गुडघे टेकले, पंख आवळले. हाताला गरम लागलं, आणि त्या गरमावरून हाताला सगळं कळलं. छाती पोटापर्यंत उघडली होती. हा वाचणार नव्हता. आणि लवकर मरणारही नव्हता. झुंजीचं जनावर, जीव चिवट. दुपारपर्यंत तडफडेल.

तेव्हा मामी दूध घेऊन आली.

तिनं बघितलं ते असं: नवरा गुडघ्यावर, कोपरापर्यंत लाल, काखेत कोंबडा, वाफाभर पिसं. तिच्या हातून दूध सांडलं नाही. तिनं ते ओट्यावर ठेवलं, वर ताटली झाकली, आणि मग विचारलं, "झालं समाधान?"

"अगं, मी नाही. त्यानं स्वतःच..."

"कोंबड्यानं स्वतःच."

"डबे... डब्यात..." मामांची जीभ अडखळली. ती नेहमी अडखळायची. म्हणून तर सगळं काम हाताकडं गेलं होतं.

मामीनं कमरेचा फोन काढला. तेवढ्यात भिंतीवरून सलूनवाला आला. उडी मारूनच आला, हातात टेबलाचा तुटका पाय.

"घातलीत टोपी!" तो ओरडला. आवाज फाटला होता. "काल ऐकलं मी! माझ्या कानानं ऐकलं! माझीच जाळी घेतलीत, माझीच रबरं, आणि मलाच मामा बनवलंत!"

पहिला फटका खांद्यावर बसला, दुसरा भुवईवर. भुवई फुटली. मामांनी कोंबडा बाजूला ठेवला, हळू, जमिनीवर, आणि उठायला गेले तर तिसरा फटका बरगडीत. चौथ्याला मामांचा हात वर गेला. त्यांनी नेला नाही, तो गेला. सलूनवाल्याचं मनगट पकडीत आलं आणि अंगठा बरोबर त्या जागी बसला जिथं दोन शिरांमध्ये हाड उघडं असतं. सलूनवाल्याची बोटं आपोआप उघडली. लाकूड खाली पडलं. त्याचा चेहरा पांढरा झाला.

आता नुसतं पिरगळायचं होतं. ओल्या फांदीसारखं मोडलं असतं. मामांच्या खांद्यापासून बोटांपर्यंत ती ताकद आली आणि थांबली, पाटाच्या दाराशी पाणी तुंबावं तशी. एका डोळ्यात भुवईचं रक्त उतरत होतं. दुसऱ्या डोळ्यानं त्यांना मामी दिसली. तिनं फोन खाली केला होता. ती त्यांच्या हाताकडं बघत होती. गल्लीतलं कुणी बघत नसे त्या हाताकडं.

मामांनी अंगठा उचलला. मग पहिलं बोट. मग दुसरं. एकेक बोट उचलायला इतका वेळ लागला की सलूनवाल्यालाही कळलं, काय चाललंय ते.

मनगट सुटलं. त्यानं लाकूड उचललं आणि रडत रडत आणखी दोन फटके घातले. मामांनी हात पाठीमागं बांधून घेतले आणि खाल्ले. तिसरा घालायला तो मागं सरला, आणि आवाज आला.

ठण्ण.

तिघांनीही वळून पाहिलं. पैलवान उठला होता. पाय ओढत, आतडं मातीत घासत, तो सगळ्यात जवळच्या डब्याशी गेला होता. एकच डोळा उरलेला, तो त्यानं पत्र्यावर रोखला. आतल्या एकडोळ्या कोंबड्यानंही रोखला. तुटक्या चोचीनं त्यानं वार केला. ठण्ण. पडला. पुन्हा मान उचलली. ठण्ण.

सलूनवाल्याच्या हातून लाकूड गळून पडलं.

"आरसा," तो म्हणाला. "अरे देवा. आरसा." तो वाफ्यात बसला आणि पैलवानाला हात लावायला गेला; पैलवानानं त्यालाही चोच मारली, ओळखलंच नाही. "मीच सांगितलं होतं तुम्हाला. आरसे फोडतो म्हणून मीच..."

"सांगितलं होतंस," मामा म्हणाले. "माझ्याच डोक्यात प्रकाश पडला नाही. मला घासायची सवय. तोंड दिसेपर्यंत."

कोंबड्याच्या गळ्यातून आता आवाज यायला लागला होता, बारीक, ओला. मामांनी असा आवाज एकतीस वर्षं होऊ दिला नव्हता. त्यांचा जबडा आवळला.

सलूनवाल्यानं वर पाहिलं. "मामा, सोडवा त्याला. माझ्याच्यानं होणार नाही. माझा वस्तरा कुणाच्या गालाला लागला तरी मला चक्कर येते. तुम्ही... एकाच... त्याला कळायच्या आत..."

मामांनी मान हलवली. नाही. रविवार तीन दिवसांवर होता. त्यांनी मामीकडं पाहिलं. मागायला नाही, नुसतं पाहिलं.

मामी आत गेली. ती फोन लावायला गेली असं मामांना वाटलं. मग पत्र्याच्या ट्रंकेची कडी वाजली, ती कडी जी चार वर्षं वाजली नव्हती. किंवा मामा घरात असताना वाजली नव्हती. ती बाहेर आली तेव्हा तिच्या हातात फडक्यात गुंडाळलेली सुरी होती. नोकरी संपली त्या दिवशी तिनं ती काढून घेतली होती.

मामांनी फडकं उलगडलं. सुरीवर डाग नव्हता. तेलाचा हात फिरलेला.

"दर महिन्याला लावते," मामी म्हणाली. "गंजलेल्या सुरीनं जास्त दुखतं, तुम्हीच म्हणाला होतात कधीतरी." मग जरा थांबून, "एकदाच. आणि मी इथंच उभी आहे."

मामांनी पैलवानाच्या डोळ्यावर डाव्या हाताचा तळवा ठेवला, चिंधी बांधलेला, म्हणजे त्याला ना डबा दिसेल, ना सुरी, ना आणखी एखादा शत्रू. तो शांत झाला. सगळी शांत होत, डोळ्यावर हात आला की. मामा त्याच्याशी काहीतरी बोलले, ते दुसऱ्या कुणाला ऐकू आलं नाही.

मग एक घाव. ओरड झाली नाही.

*

सलूनवाला कोंबड्याला मच्छरदाणीच्या उरलेल्या तुकड्यात गुंडाळून घेऊन गेला. भिंतीवरून नाही, दारातून. जाताना म्हणाला, "भुवईला टाके लागतील मामा." मामा म्हणाले, "बघू." एवढंच.

मामीनं फोन लावला आणि मामांच्या पुढं धरला.

"मी माझ्या तोंडानं सांगणार नाही," ती म्हणाली. "ग्वाही मी दिली होती. रक्त तुम्ही पाडलंत. तुम्हीच बोला."

मामांनी ओला हात सदऱ्याला पुसला. फोन कानाशी धरला. पलीकडं घंटी वाजत होती आणि मारहाणीत लागलं नव्हतं तितकं आता छातीत लागत होतं.

"हं, आई, बोल."

सहा वर्षांत तो आवाज जाड झाला होता.

"मी आहे," मामा म्हणाले. पलीकडं काहीच नाही. मामांनी डोळे मिटले आणि एका दमात सांगून टाकलं, "परसात रक्त पडलं. माझ्या हातानं."

"थांब," मुलगा म्हणाला. "या कानाला फोन होता. ऐकू येत नाही. बदलतो."

खरखर झाली. फोन एका कानाकडून दुसऱ्या कानाकडं गेला, एवढंच अंतर. पण मामांना ते सबंध ऐकावं लागलं.

"हं. आता परत सांग."

मामांनी परत सांगितलं, ‘मी आहे’पासून. या वेळी सगळं. डबे, वाळू, तोंड दिसेपर्यंत, टोपी, टेबलाचा पाय, मनगट सोडलं ते, सुरी. त्यांची जीभ अडखळली तिथं अडखळली, पण थांबली नाही. पलीकडं मागून एक पोर तोंडानं काहीतरी बडबडत होतं आणि चमचा कशावर तरी आपटत होतं.

मुलानं विचारलं, "सुरी आता कुठंय?"

"तुझ्या आईच्या हातात."

"तिच्याचकडं राहू द्या."

"हो."

चमचा वाजत राहिला. मामांनी विचारायचं ते विचारलं नाही. धाडस झालं नाही. मामी समोर उभी होती, ओठ आवळून.

"किती डबे म्हणालात?" मुलानं विचारलं.

"सोळा. एक चेपला. रोपं पंधरा राहिली."

"अजून चमकतायत?"

"चमकतायत."

"मग रविवारच्या आत काळे करा ते. आणि खालच्या कडा नीट मातीत दाबा. हिला चमकेल ते धरायचं असतं, रांगत जाते सरळ. हात कापून घेईल."

मामांना ‘हो’ म्हणायचं होतं. त्यांनी नुसती मान हलवली, फोनवर, आणि मामीनं त्यांच्या हातातून फोन घेऊन त्यांच्या वतीनं म्हटलं, "हो रे, करतात. आत्ताच बसतायत."

आणि खरंच, ते बसलेच. भुवईला चिंधी, मनगटाला चिंधी, तळव्याला चिंधी. मामीनं तव्याच्या बुडाची काजळी खरवडून तेलात कालवून दिली. मामांनी आधी डब्यांवरचं रक्त पुसलं, मग बोटानं काजळी फासायला सुरुवात केली. एकेका डब्यातलं त्यांचं तोंड, फुटलेलं, सुजलेलं, काळ्याखाली जात राहिलं. मामी कडा दाबत मागून येत होती. गुणगुणत नव्हती.

शेवटच्या डब्याशी मामांचं बोट जरा थांबलं.

"बघत काय बसलात?" मामी म्हणाली. "तेवढा एक राहिलाय."

त्यांनी तोही काळा केला.